कितवा म्हणजे कुठे

सोहार बंदराच्या मागच्या रस्त्याला
टायरवाला आणि मंदीवाला यांच्या मधे माझं दुकान.
(मंदी भाताची. बाजाराचीही आहेच.)
इथे पत्ता विचारला तर नंबर कुणी सांगत नाही:
दुसरं राउंडअबाउट, मशिदीनंतर उजवीकडे, मग फोन कर.
डिस्क तरी वेगळं काय सांगते?

फाइलला वाटतं, आपण सलग आहोत.
पहिला तुकडा, दुसरा, तिसरा, हजेरीच्या रांगेत.
खाली पाहावं तर पहिला एका टोकाला,
दुसरा नशिबाने त्याच्या शेजारी,
तिसरा कुठल्या कुठे, रिकामं दिसलं तिथे टेकलेला.
मधे एक लहानसं फंक्शन बसलेलं असतं.
त्याला विचारायचं, कितवा?
ते सांगतं, कुठे.
पहिले बारा त्याला तोंडपाठ.
तेराव्यापासून म्हणतं, मला नाही ठाऊक,
ज्याला ठाऊक आहे त्याचा पत्ता देतो.
फाइल फारच लांबली तर
पत्ता देणाऱ्याचा पत्ता देणाऱ्याचा पत्ता.
मला इथली नोकरी अशीच लागली होती.

हनीफ मुकादमही असेच विचारत विचारत आले.
मूळचे दाभोळचे. आडनाव मुकादम, कामही तेच:
कॅम्पात सहाशे खाटा, कुणाला कुठली, ते ठरवायचं.
डिस्क रुमालात बांधलेली, सुकटीसारखी.
"बाय, हातातनं पडली. बघ जरा."

वही त्यांच्या भाच्याने बनवून दिलेली.
दर महिन्याला नवी फाइल, दर खाटेला चार किलोबाइट:
नाव, गाव, पासपोर्टचा फोटो, पाळी दिवसाची की रात्रीची.
खाटेचा नंबर तोच तुकड्याचा नंबर.
भाच्याला मी पाहिलेलं नाही. हात सुबक.

तीन रात्री गेल्या.
नावांची यादीच खरवडली गेली होती.
फाइलला स्वतःचं नाव माहीत नसतं,
हे सांगितलं की गिऱ्हाइकं हसतात.
नंबर असतो, लांबी असते, तारखा असतात,
नाव दुसऱ्याच कुणाच्या वहीत.
मुकादम हसले नाहीत.
"गेटवर आमचंही तसंच," म्हणाले.

मार्चच्या फाइलीत दोनशे बारा कोरी निघाली.
"जळली काय गो?"
मी नकाशा काढला.
जळलेल्या जागी डिस्क खरखरते, एरर देते.
इथे नुसतं शून्य होतं,
म्हणजे शून्याव्या घरी जा असं नव्हे,
जाऊच नकोस.
कधी लिहिलंच गेलं नाही त्या जागी.
वाचायला गेलं की वरच्या वर शून्यं भरून देतात,
डिस्कला विचारतसुद्धा नाहीत.
लांबीत मोजतात तिला. जागा ती घेत नाही.

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, पुन्हा घातला.
"लहू शिगवण. संगमेश्वरकडचा.
फेब्रुवारीत कामावर गेला तो आला नाही.
साहेब म्हणाला, फरार लिही.
मी नाही लिहिलं. रिकामी असंही नाही.
खाट मोडलीय म्हणून सांगितलं."
शेजारच्या दुकानात कुणीतरी टायरची हवा सोडत होतं.
"मग आला?"
"एप्रिल उघड."

एप्रिलला दोनशे बारावर धनकुट्याचा एक पोरगा,
रात्रपाळी, फोटोत कान मोठे.
मुकादम त्याच्याकडे बघत राहिले,
मग म्हणाले, हा चांगला होता, सुपरवायझर झाला.

नव्या डिस्कवर उतरवताना एक खूण द्यावी लागते,
नाहीतर कॉपी करणारा प्रोग्रॅम
पोकळीत खरीखुरी शून्यं लिहून ती बुजवतो.
वाचणाऱ्याला फरक कळत नाही.
मुकादमांनाही कळला नसता.
मी खूण दिली,
पाच रियाल घेतले, पावती फाडली.
चार किलोबाइट वाचले.